कुजबुजीला काटा हलत नाही

"आणि हो, तुमच्या लेकीचा आवाज अगदी तुमच्यासारखा आहे हो, चिटणीसबाई," असं म्हणून, हसून, यजमान प्राध्यापकांनी फोन ठेवला. एवढंच झालं. त्याआधी बोलणं झालं ते सगळं परिषदेचं होतं: सभागृहात खुर्च्या पुरतील का, पाहुण्यांना खोल्या एकेकट्या द्यायच्या की दोघांत एक, विमानतळावर घ्यायला गाडी येईल, तुम्ही फक्त ठराव तेवढा करून घ्या. माणूस बोलायला गोड. ओट्यावर अर्धा चिरलेला कोबी होता. तिनं सुरी पुन्हा हातात घेतली आणि बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण कोबी चिरत नाही आहोत, सुरी धरून नुसत्या उभ्या आहोत. लेक त्यांच्या शहरात नोकरीला आहे हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ती ज्या संघाची चिटणीस होती, त्या संघातही एकदोघं सोडली तर कुणाला माहीत नव्हतं. मग तिनं स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. तिचा तो जुना निबंध त्यांनी वाचला असेल, आई आणि मुलीच्या आवाजांवरचा. गर्दीतून एक आवाज वेगळा काढायची तिची पद्धत कुणालाही चकवू देत नाही, फक्त तिच्या स्वतःच्या मुलीपुढे हात टेकते, मुलगी मोठी झाल्यापासून यंत्राला दोघींत फरकच कळत नाही, असं तिनं त्यात कौतुकानं लिहिलं होतं आणि वाचून दाखवलं तेव्हा सगळी खोली हसली होती. पण निबंधात आवाज नव्हता, आलेख होते. आलेख पाहून कुणी 'अगदी तुमच्यासारखा आहे हो' म्हणत नाही. तसं म्हणायला आवाज कानावर पडावा लागतो. नवऱ्याला सांगितलं तर तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला, "अगं, रक्त तपासायला गेले असतील तिच्या दवाखान्यात. प्राध्यापकाला काय साखर नसते?" असू शकते. साखर असू शकते, लेकीच्या प्रयोगशाळेत ते रांगेत बसलेले असू शकतात, लेकीनं 'पुढचे कोण?' असं विचारलेलं असू शकतं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं तिची आई म्हणायची. पण आई म्हणायची तेव्हा वैरी म्हणजे शेजारीण असायची.

तिचा संघ आवाजाच्या अभ्यासकांचा. बाहेरच्या माणसाला सांगावं तर हसू येतं, इतका लहान: कुणी घोगरेपणावर आयुष्य घालवलेलं, कुणी तोतरेपणावर, एकानं तर फक्त जांभईवर. वर्षातून एकदा परिषद भरवायची, एकमेकांचे निबंध ऐकायचे, पाठीमागे एकमेकांची टर उडवायची आणि पुढच्या वर्षीचं ठिकाण ठरवून घरी जायचं. ठिकाणावरून आजवर कधी भांडण झालं नव्हतं; झालंच तर जेवणावरून. या वेळी मात्र त्या शहरानं आमंत्रण दिलं आणि संघ मधोमध फाटला. कारण घुम्या त्याच शहरातला. घुम्या हे त्याचं संघातलं नाव. दिवसभर लोकांचे आवाज ऐकायचे आणि स्वतः तोंडातून अक्षर काढायचं नाही, असा माणूस. परिषदेत सगळ्यांत शेवटच्या रांगेत बसायचा, चहाच्या वेळी तिच्याजवळ येऊन उभा राहायचा आणि दोघं काही न बोलता चहा प्यायची. तिला ते फार आवडायचं. त्याला तिथल्या सरकारनं एक टेप दिली होती. कुठल्या तरी जमावाच्या घोषणा होत्या, आणि त्यातले आवाज कुणाकुणाचे ते त्यानं सांगायचं होतं. त्यानं सांगितलं नाही. 'मला ऐकू येत नाही' एवढंच म्हणाला म्हणे, आणि मग एक दिवस तो त्याच्या खोलीतून नाहीसा झाला आणि त्याच्या बायकोला कुठल्याच दारात कुणी उत्तर देईना. निम्म्या संघाचं म्हणणं, तिथं पाऊल टाकायचं नाही. उरलेल्या निम्म्यांचा म्होरक्या खजिनदार. तो म्हणायचा, "इथं बसून निषेध करायला काय जातं? घुम्याबद्दल बोलायचंय ना, मग त्यांच्या व्यासपीठावर जाऊन बोलू. न जाऊन कोण सुटलंय आजवर?" आणि तिला त्याचं हे म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नव्हतं, हीच पंचाईत होती. फक्त तो हे बोलताना घसा साफ करत होता. अभ्यासाची खोड: माणूस काय बोलतो त्याआधी घसा काय बोलतो ते तिला ऐकू यायचं.

सभा दुसऱ्या दिवशी दुपारी होती. संघाची खोली म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. भिंतींना जाड लोकरी बुरणूस ठोकलेले, खिडक्यांना दुहेरी काचा, त्यामुळे आत शिरलं की रस्ता एकदम मेल्यासारखा गप्प व्हायचा. नवख्या माणसाला तिथं स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू येऊन लाज वाटायची. मधल्या लांब टेबलाच्या टोकाला ते यंत्र. संस्थापकांनी आणलेलं, टेपच्या दोन चकत्यांचं, पुढं काचेमागे थरथरणारा काटा. ते चालवणं हे चिटणिसाचं काम, म्हणून तिची खुर्ची कायम त्याला लागून. आणि संघाची ती रीत, जिचा सगळ्यांना अभिमान होता: मत द्यायचं ते आवाजानं. पडदे ओढायचे, दिवे मालवायचे, म्हणजे कुणाचे ओठ हलले ते दिसायला नको. आधी होकारवाल्यांनी सगळ्यांनी मिळून 'हो' म्हणायचं, मग नकारवाल्यांनी मिळून 'नाही'. काटा ज्याला जास्त चढेल तो ठराव. गर्दीत आवाज हरवतो, म्हणजे मत गुप्तच झालं, असा संस्थापकांचा हिशेब. आणि ध्वनिमुद्रणाची एकेक प्रत सगळ्या शाखांना जायची, त्या शहरातल्या शाखेलासुद्धा, कारण आपल्यात लपवाछपवी नाही. इतकी वर्षं कुणाच्या मनात आलं नाही, की गर्दीतून आवाज वेगळा काढणं हाच आपला धंदा आहे. चिटणीसबाईंच्या तर हातचा मळ. आपणच चाव्या करायच्या आणि आपल्याच घराला तेच कुलूप लावायचं, असा हा शहाण्यांचा कारभार.

आज मात्र ते सगळ्यांच्या मनात होतं. तिला ते आत शिरताच कळलं. कुणी गप्पा मारत नव्हतं. जांभईवाले प्राध्यापक गळ्याला मफलर गुंडाळून आले होते आणि बसल्याबसल्या म्हणाले, "माझा आज घसाच बसलाय." तोतरेपणावाल्या बाई लगेच म्हणाल्या, "माझाही." अध्यक्ष तेवढे नेहमीसारखे ताठ बसले होते. त्यांना सगळे कानसेन म्हणत. डोळ्यांनी आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते नावानिशी सांगायचे. "चिटणीसबाई, आज पाय ओढताय," ते म्हणाले. "झोप नाही झाली?" ती नाही म्हणाली आणि यंत्राजवळ जाऊन बसली. झोप कशी होणार? लेकीचा पासपोर्ट तिथल्या दवाखान्याच्या कचेरीत जमा होता. करार संपेपर्यंत तो मिळणार नव्हता, आणि करार पुढच्या वर्षी संपणार होता. एरवी ही गोष्ट म्हणजे नोकरीतली एक कटकट. रात्रभर तिला तो पासपोर्ट दिसत होता, कुठल्याशा कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुणाच्या तरी खिशात, आणि तो कुणीतरी गोड बोलणारा.

दिवे मालवले. तिनं चाचपडत बटण दाबलं, चकत्या फिरू लागल्या, काट्यामागचा पिवळा उजेड तेवढा उरला. अंधारात तिला पहिल्यांदा आठवला तो लेकीचा लहानपणचा आवाज, चिरका, सगळ्या सभा फोडणारा. कुणाकडे ठेवायची सोय नव्हती म्हणून ती तिला इथंच आणायची, आणि पोरगी याच टेबलाखाली बसून रंगीत खडूंनी तिच्या चपलांवर चित्रं काढायची. कानसेनांनीच तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. मग एका सुट्टीत, टिटवी उंच झाली होती, न्हाऊन केस वाळवत गॅलरीत उभी होती आणि खाली कुणाला तरी हाक मारत होती, आणि आत ओट्याशी असलेल्या तिला वाटलं, आपणच बाहेर उभ्या आहोत आणि आपणच हाक मारतोय. अंगावर काटा आला होता तेव्हा, पण तो सुखाचा. तिनं धावत जाऊन घरातलं टिपायचं यंत्र आणलं होतं. 'आई, पुरे ना गं, मी काय उंदीर आहे तुझा?' टिटवी म्हणाली होती, आणि तेही तिनं टिपून घेतलं होतं. त्या गॅलरीतल्या उन्हात उभ्या असलेल्या पोरीला आता कुणी बोलायला लावत असेल का? सहज, गंमत म्हणून, 'जरा तुमचं नाव सांगा बघू, पत्ता सांगा' असं? गेले कित्येक महिने लेक फोनवर हळू बोलत होती. विचारलं तर म्हणायची, खोलीतली दुसरी मुलगी झोपलीय. रात्रपाळीचं काम असतं, झोपत असेल दिवसा. तिनं पुढं कधी विचारलं नव्हतं. दोघी फक्त केस गळतात का, जेवलीस का, थंडी पडली का, एवढंच बोलायच्या, आणि हे असं कधीपासून सुरू झालं ते दोघींपैकी कुणी ठरवलं नव्हतं.

"त्या शहरात परिषद घ्यावी, या बाजूचे," कानसेन म्हणाले.

"हो," असा आवाज उठला. मोठा नव्हता. खजिनदाराचा त्यात सगळ्यांत वर, त्याच्याखाली पाचसहा. तिनं न ठरवताच मोजले, ओळखले, वेगळे ठेवले. कान मिटता येत नाहीत. काटा अर्ध्यापर्यंत गेला आणि खाली आला.

"घेऊ नये, या बाजूचे."

तिनं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. गप्प बसायचं तर संघाच्या रिवाजात गप्प म्हणजे होकार धरतात, आणि घुम्याच्या नावावर होकार द्यायला तिची जीभ उचलणार नव्हती. मग उरत होती एकच वाट: कुजबुजायचं. कुजबुजताना गळ्यातल्या तारा हलत नाहीत, नुसती हवा जाते, आणि हवेवरून माणूस ओळखता येणं फार अवघड. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? मत दिल्यासारखं होईल आणि सापडायचंही नाही. तिनं तोंड उघडलं आणि नुसत्या श्वासानं म्हणाली, "नाही." आणि त्याच क्षणी सगळ्या खोलीतून, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तसाच श्वास उठला. वाळलेल्या पानांवरून कुणी चालत जावं तसा. पंधरावीस जण असतील, जास्तही असतील. मफलरवाले, तोतरेपणावाल्या बाई, सगळे. सगळ्यांना एकच युक्ती सुचली होती, कारण सगळ्यांचं शिक्षण एकच. इतकी माणसं भ्यालीत, आणि आपल्याला वाटत होतं आपण एकट्या. तिनं काट्याकडे पाहिलं. काटा हललाच नव्हता.

मग खजिनदार म्हणाला, "अध्यक्ष, काट्याप्रमाणं ठराव मंजूर."

"मी आंधळा आहे, बहिरा नाही," कानसेन म्हणाले. "कानाला काय ऐकू आलं ते मला कळतंय."

"कानाचं कळतंय हो. पण नियम काट्याचा आहे ना? बळी तो कान पिळी असं करायचं असेल तर मग यंत्र हवं कशाला?"

नियम काट्याचाच होता. काटा आणि कान यांचं जुळलं नाही तर एकदा, फक्त एकदा, फेरी पुन्हा घेता येई. त्याआधी सगळ्यांनी गरम पाणी प्यायचं, घसा शेकायचा. "दिवे लावा," कानसेन म्हणाले. "पाणी घ्या. पुन्हा घेऊ." उजेडात कुणी कुणाकडे पाहीना. सगळे कपात पाहून पाणी फुंकत होते. तोतरेपणावाल्या बाई तिच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही यंत्राला लागून बसता. तुम्ही जरा जरी मोठ्यानं म्हणालात ना..." आणि किटलीकडे गेल्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची सगळ्यांचीच इच्छा होती; फक्त मांजर ज्यांच्या लेकीच्या उशाशी बसलंय त्यांनीच ती बांधावी, असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्यांना कुठं माहीत होतं? तिला बाईंचा रागही धड येईना.

ती जिन्यात आली तेव्हा फोन थरथरत होता. लेक. या वेळी ती कधी फोन करत नसे.

"आई, झाली का सभा?"

सभेचं हिला कुणी सांगितलं? "तुला कसं कळलं?" तिनं विचारलं.

"बाबा म्हणाले. तू जेवली नाहीस म्हणाले." लेकीचा आवाज नेहमीसारखा खाली, तोंडाशी हात धरल्यासारखा. मागे कुठंतरी दार लागलं, आणि लेक थांबली, आणि पावलं दूर जाईपर्यंत थांबली. झोपलेल्या मुलीसाठी कुणी असं थांबत नाही. तिला एकदम, अंगावर गार पाणी पडावं तसं समजलं, की खोलीत दुसरी मुलगी नाहीच. कधी नव्हतीच कदाचित. पोर महिनोन्‌महिने एकटीच त्या खोलीत कुजबुजतेय आणि आपण तिला केस गळतात का विचारतोय.

"मी काय करू गं?" ती म्हणाली.

"मला नको विचारूस आई. मी सांगितलं तर ते माझं बोलणं होईल." पुन्हा थांबणं. मग जरा हसल्यासारखं. "पण एक सांग, तू का कुजबुजतेस? तू तर आपल्याच गावात आहेस ना?"

ती उत्तर देणार तेवढ्यात फोन बंद झाला. लेकीनं ठेवला की कुणी तोडला, तेही कळलं नाही. ती कठड्याला धरून उभी राहिली. खरंच, आपण कुजबुजत होतो. आपल्याच जिन्यात, आपल्याच गावात, आपल्याच पोरीशी. गप्प राहिलो तर ती तिथं सुरक्षित राहील, असा सौदा आपण मनातल्या मनात कुणाशी तरी केला होता. आणि समोरचा त्यात कधी सामीलच नव्हता. त्यानं पोरीचा आवाज आधीच घेतला होता.

पुन्हा पडदे, पुन्हा अंधार. "हो" या वेळी आणखी बारीक आला. होकारवाल्यांनीही ती कुजबुज ऐकली होती. काटा अर्ध्याच्याही खाली राहिला. "घेऊ नये, या बाजूचे," कानसेन म्हणाले, आणि पुन्हा तो पानांवरून चालल्याचा आवाज सुरू झाला. तिला बोलायचं नव्हतं. अगदी शेवटपर्यंत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे घुम्या उभा होता, हातात चहाचा कप, काही न बोलता. मग तिच्या गळ्यातून तो शब्द निघाला. तिनं काढला असं म्हणता यायचं नाही, पण अडवला नाही हे खरं. "नाही." मोठा, उघडा, थोडा चिरका. काटा उसळून तांबड्यात गेला आणि तिथंच थरथरत राहिला, आणि बाकीची कुजबुज एकदम थांबली, चोरी करताना दिवा लागल्यासारखी.

"ती यंत्राजवळ बसलीय!" खजिनदार ओरडला.

"चिटणीस तिथंच बसतो," कानसेन म्हणाले. "इतकी वर्षं तिथंच बसतो. परिषद तिथं होणार नाही. दिवे लावा. मुद्रण वाजवून दाखवा, म्हणजे झालं."

रिवाज होता तोही, खात्रीसाठी एकदा वाजवून पाहायचा. तिनं चकत्या मागे फिरवल्या. यंत्रातून आधी ते अशक्त 'हो' आले, मग सळसळ, मग त्या सळसळीतून वर आलेला तो एकटा शब्द. कानसेनांचा सगळा चेहरा उजळला. ते आवाजाच्या दिशेला वळून, हात पुढं करून म्हणाले, "अरे! टिटवी कधी आली? कुठं बसलीय? ये की इकडं."

खोलीत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. "अप्पा, टिटवी नाही इथं," ती कानसेनांना म्हणाली. "मी आहे. माझा आवाज आहे तो."

"तुमचा?" म्हातारा गोंधळला. "छे हो. तुमचा मी ओळखत नाही का?"

संघातला सगळ्यांत चांगला कान. ती यंत्राकडे पाहत राहिली. ते अजून वाजत होतं, आणि वाजताना ते टिपत नाही. एका वेळी एकच काम, बोलायचं तरी नाहीतर ऐकायचं. 'मी आहे' हे तिचं बोलणं या खोलीतच विरून जाणार होतं. उद्या प्रत जाईल ती फक्त त्या एका शब्दाची. तिथं कुणीतरी तिचीच पद्धत लावून गर्दीतून तो शब्द वेगळा काढील, आणि पद्धत प्रामाणिकपणे दोन नावं देईल. एक हाताबाहेरचं आणि एक हाताशी असलेलं. हाताशी असलेलंच धरतात, यात शास्त्र काय लागतं?

"थांबवा ते," ती म्हणाली, आणि मग स्वतःच थांबवलं. "मला परत टिपायचंय. मला माझं नाव सांगायचंय."

"बाई, वेड लागलंय का?" खजिनदार तिच्याजवळ येऊन म्हणाला. या वेळी त्याचा घसा साफ होता आणि आवाजात खरी काळजी होती. "आजवर कुणी नाव दिलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं नाव दिलंत तर तिचं सापडायला त्यांना किती वेळ लागेल?" म्हणजे त्याला माहीत होतं. तिला वाटत होतं त्याहून जास्त लोकांना माहीत होतं.

"त्यांना ती आधीच सापडलीय," ती म्हणाली.

तिनं बटण दाबलं. चकत्या फिरू लागल्या, काट्यामागे उजेड आला. दिवे लावलेले होते आणि सगळे तिच्या ओठांकडे पाहत होते. भीती गेली नव्हती, उलट वाढली होती, इतकी की दात वाजतील असं वाटत होतं, आणि ते वाजणंसुद्धा टेपवर जाईल. ती यंत्राकडे वाकली. तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, शाळेत पहिल्या दिवशी सांगतात तसं. मग म्हणाली, "आत्ता जे 'नाही' ऐकलंत, ते माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही."

आणि म्हणताना तिला स्वतःच्याच कानांनी ऐकू आला तो आवाज लेकीचा होता.